आधी लघवीचं विचारा, मग पायांचं

वाचकांचे प्रश्न : मज्जारज्जूतल्या गाठीचं ऑपरेशन झालेली मुलं

मागच्या अंकात मुलांच्या पाठदुखीवर लिहिलं होतं. लेकरू रात्री पाठदुखीने झोपेतून उठत असेल, चालताना पाय ओढत असेल, किंवा लघवीवर ताबा आलेला असून पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं असेल, तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून घरी थांबू नका, डॉक्टरांना दाखवून एमआरआयचं विचारा, एवढाच त्याचा मुद्दा होता. त्यावर आलेली बरीच पत्रं अशा घरांतली आहेत, जिथे गाठ सापडून ऑपरेशनही होऊन गेलं आहे. ऑपरेशन मुंबई-पुण्याला, आणि घर केज, औसा, सेनगाव अशा ठिकाणी. टाके काढून घरी आलं, की पुढचं विचारायला जवळ कुणी नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. लातुरात बरीच वर्षं मज्जारज्जूचे आजार असलेल्या मुलांसोबत काम करते. औषधांचा डोस आणि पुढचं ऑपरेशन हे तुमच्या सर्जनने ठरवायचं, मी त्यानंतरच्या कामाबद्दल सांगते. पत्र लिहिणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत.

ताई, माझी मुलगी सात वर्षांची आहे. पाठीच्या मधोमध मज्जारज्जूत गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, त्याला दोन महिने झाले. आधी लंगडत का होईना, चालत होती. आता उभीसुद्धा राहत नाही. गाठ हळू वाढणारी आहे, बहुतेक सगळी काढली असं डॉक्टर म्हणाले. सासरे म्हणतात, चालतं लेकरू नेलं अन् बसवून आणलं. रात्री तिचे पाय आपोआप उडतात. ताकद येतेय असं समजायचं का? लेकरू चालंल का माझं?
— एक आई, ता. केज, जि. बीड

ताई, आधी सासऱ्यांच्या बोलण्याचं बघू, कारण ते तुम्हाला लागलंय हे पत्रावरूनच कळतं. मज्जारज्जू मोठ्या माणसाचासुद्धा जेमतेम करंगळीएवढा जाड असतो, तुमच्या लेकीचा त्याहून बारीक. तिची गाठ त्याच्या आत होती. तिथवर पोचायला मणक्याची मागची कमान उघडावी लागते, मग आवरण, आणि शेवटी खुद्द मज्जारज्जूला मागून मधोमध चीर द्यावी लागते. हातापायांना इलेक्ट्रोड लावून मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचतोय ना, हे अशा ऑपरेशनमध्ये क्षणाक्षणाला तपासत राहतात. एवढी काळजी घेऊनही आत सूज येते आणि काही मार्ग काही काळ बंद पडतात. त्यामुळे या ऑपरेशननंतर पाय आधीपेक्षा कमजोर होणं हे आम्हाला नेहमी दिसतं. बऱ्याच मुलांत ते काही आठवड्यांत, काही महिन्यांत भरून येतं. ऑपरेशन केलंच नसतं तर गाठ वाढत राहिली असती आणि लंगडणं वाढत गेलं असतं. पाय पूर्ण गेल्यावर ऑपरेशन केलं, तर गेलेलं परत मिळणं फार अवघड. ऑपरेशनला नेताना मूल कितपत चालत होतं, यावर ते पुढे किती चालणार हे सगळ्यात जास्त अवलंबून असतं. तुम्ही तिला चालती असताना नेलीत. हे फार बरं केलंत. एवढा परिच्छेद सासऱ्यांना वाचून दाखवा.

आता पाय उडण्याचं. ते तिच्या मनाने उडत नाहीत. मेंदूचा लगाम सैल झाला की मज्जारज्जूचा खालचा भाग स्वतःच स्नायूंना झटके देतो. पांघरूण ओढलं, गार हात लागला, लघवी तुंबली, की पाय उडतो. ताकद येतेय का ते असं बघा : लेकीला पडल्या पडल्या सांगा, ‘अंगठा हलव’. सांगितल्यावर हलला, थांब म्हटल्यावर थांबला, आणि पुन्हा सांगितल्यावर पुन्हा हलला, तर ती तिची स्वतःची हालचाल. ती केसभर असली तरी तारीख घालून वहीत लिहा. पुढच्या वेळी सर्जनला दाखवायला त्याहून उपयोगी कागद नाही. झटके फार वाढले, झोपू देत नसतील, तर बॅक्लोफेनसारखं औषध असतं, ते डॉक्टर ठरवतील. पण झटके अचानक वाढले तर आधी लघवी तुंबली आहे का, संडास किती दिवस झाली नाही, कुठे जखम आहे का, हे तपासा. बरेचदा कारण तिथेच सापडतं.

आणि आता माझा प्रश्न. तुमच्या दोन पानी पत्रात लघवीबद्दल एक शब्दही नाही.

माझ्याकडे येणारं प्रत्येक घर पायांचं विचारतं. मी आधी लघवीचं विचारते. चाकाच्या खुर्चीवर बसून माणूस शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. मूत्रपिंडं खराब झाली तर या सगळ्यालाच धोका. पायांकडे जाणारे निरोप जिथे अडलेत, लघवीचेही तिथेच अडलेले असतात. मूत्राशय भरल्याचं लेकराला कळत नाही, किंवा कळतं पण सोडता येत नाही. तुम्ही म्हणाल, ‘लघवी तर होते, चड्डी सारखी ओली असते.’ तीच धोक्याची खूण असू शकते. मूत्राशय काठोकाठ भरून वरचं थोडं थोडं बाहेर सांडतं आणि आत तुंबलेलं तसंच राहतं. आतला दाब वाढतो, लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते, ताप येतो. हे वर्षानुवर्षं दुखल्याशिवाय चालू राहू शकतं.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. लघवी झाल्या झाल्या पोटाची सोनोग्राफी करून आत किती उरते ते मोजून घ्या. सात वर्षांच्या मुलीच्या मूत्राशयात साधारण पाव लिटर मावतं. लघवी करूनही त्यातलं बरंच उरत असेल, तर युरोलॉजिस्टना, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांना, दाखवा. ते बहुतेक नळीने लघवी काढायला सांगतील. दर चार ते सहा तासांनी बारीक नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. कायम लावून ठेवायच्या पिशवीच्या नळीपेक्षा हे चांगलं. 1972 साली अमेरिकेतल्या जॅक लॅपिडीस नावाच्या युरोलॉजिस्टनी हे मांडलं, तेव्हा घरच्या घरी, साबणाने हात धुऊन, निर्जंतुक हातमोज्यांशिवाय नळी घालायची, हे डॉक्टरांनाच पटत नव्हतं. आज जगभर मुलं हेच करतात.

बायका नळीचं नाव काढलं की दचकतात. केजसारख्याच गावातली एक आई माझ्यासमोर बसून रडली होती, ‘माझ्या हातानं तिला दुखवायचं का?’ तिच्या मुलीला तिथे स्पर्शच नीट कळत नव्हता, ती शांतपणे चॉकलेटचा कागद उलगडत बसली होती. आईने हात धुतले, नळीला जेली लावली, पहिल्यांदा जागा चुकली, नळी बदलली, दुसऱ्यांदा बरोबर गेली आणि भांड्यात धार पडली. पोटाचा फुगवटा समोरच उतरला. पुढच्या वेळी आली तेव्हा तीच दुसऱ्या एका आईला दाखवत होती. तुमच्या लेकीला हे लागेलच असं नाही, सोनोग्राफीत कळेल. लागलं तर नर्सकडून हातात नळी घेऊन शिका, व्हिडिओ बघून नको. आणि एक लक्षात ठेवा, नळी वापरणाऱ्या मुलांच्या लघवीच्या रिपोर्टात जंतू दिसतातच. ताप नाही, थंडी नाही, पोटात दुखत नाही, तर नुसत्या रिपोर्टावर अँटिबायोटिकचा कोर्स घेत बसू नका. ताप आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

संडासचं सोपं आहे, पण नेम हवा. जेवणानंतर वीस-तीस मिनिटांत आतडं स्वतःच हलतं. रोज त्याच वेळी कमोडच्या खुर्चीवर बसवा आणि पायाखाली पाट द्या, पाय लोंबकळत ठेवले तर जोर लागत नाही.

व्यायामाचं इथे सगळं लिहिता येणार नाही, पण तीन गोष्टी आजपासून करा. घोट्याचा सांधा : टाच तळव्यात धरून पाऊल हळू वर ढकला, अर्धा मिनिट धरा, सोडा, पुन्हा धरा. सकाळ-संध्याकाळ. पाऊल खाली लोंबत राहिलं तर टाचेची शीर आखडते, आणि मग ताकद परत आली तरी पाऊल जमिनीला टेकत नाही. फार वाईट वाटतं तेव्हा. रात्री पावलाला काटकोनात धरणारा स्प्लिंट घाला. दुसरं, दिवसातून थोडा वेळ पालथं झोपवा, बसून बसून कंबरेचा सांधा वाकडा होतो तो टळेल. जखम भरली आहे ना, हे सर्जनला विचारून मगच. तिसरं, उभं करणं. आधाराच्या चौकटीत, गुडघ्याला पट्टे लावून रोज उभं केलं की हाडं टिकतात. हाडांवर वजन आलं नाही तर ती ठिसूळ होतात. चौकट गावातला सुतारही बनवतो, माप मात्र फिजिओथेरपिस्टकडून घ्या. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. मुंबईला तपासणीसाठी जाल तेव्हा हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेतही दाखवा, तिथे कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), चाकाची खुर्ची, व्यायाम, सगळं एका छताखाली आहे.

चालेल का? अंगठ्याचं उत्तर मला कळवा, मग मी थोडं बोलू शकेन. सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात होते, नंतरही होते पण हळू. दोन महिन्यांवर कुणी ‘आता काही होणार नाही’ म्हणालं तर ते ऐकू नका. ‘महिन्यात पळवतो’ म्हणणाऱ्याच्या दारात तर जाऊच नका.

माझ्या नातवाच्या कंबरेच्या वर ऑपरेशन झालं आहे. पाय गार पडतात. गरम विटेने शेकलं, बिब्बा लावला तर रक्त खेळेल का? गावात एक जण मणके बसवतो, त्याला दाखवावं का?
— एक आजोबा, ता. औसा, जि. लातूर

आजोबा, तिन्ही नको.

वीट, गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेलं फडकं, यातलं काहीही त्या पायांना लावू नका. नातवाला चटका कळत नाही, त्यामुळे तो ‘पोळतंय’ म्हणणार नाही. तुम्हाला कळेल ते कातडी निघाल्यावर, आणि अशी जखम भरायला महिनोन्महिने जातात. बिब्ब्याने चांगल्या कातडीवरही फोड येतात. मणके बसवणाऱ्याकडे कृपा करून नेऊ नका. ज्या मणक्यांची कमान उघडली आहे त्यांना हिसका बसला तर हातचं जाईल.

तुम्हाला हाताने काही करायचंच असेल तर खूप आहे. कोमट तेल आधी स्वतःच्या मनगटावर बघा आणि हलक्या हाताने पायाला लावा, ऑपरेशनची जागा सोडून. लावता लावता कातडी बघत जा : टाच, घोट्याची हाडं, माकडहाड, ढुंगण. कुठे लाल डाग दिसला आणि दाब काढल्यावरही तो गेला नाही, तर तिथे पुन्हा वजन येऊ देऊ नका. झोपलेला असेल तर दर दोन तासांनी कूस बदला. मोटारसायकलवर नेता तेव्हा पाय सायलेन्सरला टेकत नाही ना बघा, सायलेन्सरने भाजलेले पाय मी दर उन्हाळ्यात पाहते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ओटासुद्धा तापतो, त्यावर उघड्या पायाने बसवू नका.

आणि एखाद्या दिवशी एक पाय अचानक सुजला, गरम लागला, लाल दिसला, तर चोळू नका. लेकराला दुखत नसलं तरी आत हाड मोडलेलं असू शकतं किंवा शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. तसंच उचलून दवाखान्यात न्या. हा डोळा ठेवायला घरात तुमच्याइतका वेळ कुणाला आहे?

मी जिल्हा परिषद शाळेत पाचवीचा वर्गशिक्षक आहे. वर्गातल्या मुलाच्या मानेतली गाठ काढली. तो चाकाच्या खुर्चीवर आहे, हातांची बोटंही अशक्त आहेत. वडील म्हणतात, आता घरीच राहू दे. मला तो शाळेत हवा आहे. त्याला डायपर असतो, मुलं चिडवतील ही भीती वाटते. शाळेने काय तयारी करावी?
— एक शिक्षक, ता. सेनगाव, जि. हिंगोली

सर, ‘मला तो शाळेत हवा आहे’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. वडिलांना सांगा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 प्रमाणे 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या. ‘अजून सुधारणा होईल, आत्ताच कशाला प्रमाणपत्र’ असं घरचे म्हणतात, पण ठरावीक मुदतीचं तात्पुरतं प्रमाणपत्रही मिळतं. घेतल्याने सुधारणा थांबत नाही. गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता यांची तरतूद आहे, आणि खुर्ची लहान पडू लागली की एलिम्को या दिव्यांगांची साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या मोजमाप शिबिराची चौकशी तेच करतील.

वर्ग तळमजल्यावर घ्या, उंबऱ्याला उतार करा. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला खुर्चीत पुढे झुकवून ढुंगणावरचं वजन काढायचं. हात अशक्त असल्याने त्याला ते एकट्याला जमणार नाही, शेजारच्या मुलाला शिकवा. पाचवीतली मुलं असं काम दिलं की चिडवणं विसरतात, हे मी शाळांमधून पाहिलं आहे. पेन्सिलीला कापड गुंडाळून जाड करा. लिहायला वेळ जास्त लागेल, तो द्या.

लघवीसाठी नळी लागत असेल तर मधल्या सुट्टीत एकदा काढावी लागेल. आई किंवा आजी त्या वेळी येऊ शकतात का ते ठरवा. त्यांना कडी असलेली खोली, पाणी आणि साबण एवढं द्या, आणि दारात कुणी घुटमळणार नाही हे तुम्ही बघा. तो ओलं होण्याच्या भीतीने पाणी पिणं बंद करेल. बहुतेक मुलं करतात. त्याची बाटली तुमच्या टेबलावर ठेवा आणि तासातासाला द्या.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा, कारण ती शाळेत घडू शकते. मान किंवा छातीच्या वरच्या भागातल्या, म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असलेल्या मुलाचं अचानक डोकं ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला, तर रक्तदाब एकदम चढलेला असतो. कारण बहुधा खाली कुठेतरी असतं, तुंबलेलं मूत्राशय, संडास, घट्ट पट्टा. त्याला आडवं करू नका, चक्कर आली समजून सगळे तेच करतात. सरळ बसवा, पट्टा आणि कपडे सैल करा, आईला बोलावून लघवी काढायला लावा. तरी उतरलं नाही तर वाट न बघता दवाखाना. हा परिच्छेद त्याच्या पालकांच्या परवानगीने कार्यालयात चिकटवा.

मुलाचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. आता तो अकरा वर्षांचा, चांगला खेळतो. तरी डॉक्टर दरवर्षी एमआरआय करायला लावतात. खर्च, मजुरी बुडते. थांबवलं तर चालेल का? हल्ली त्याचा एक खांदा वर दिसतो, तो दप्तरामुळे का?
— एक वडील, ता. गंगाखेड, जि. परभणी

थांबवू नका, दादा. मुलांच्या मज्जारज्जूत सर्वांत जास्त आढळणारी गाठ ही अॅस्ट्रोसायटोमा, आणि ती बहुतेक हळू वाढणारी असते. पण ती हरळीसारखी आजूबाजूच्या पेशींत शिरलेली असते. सगळी उपटायला गेलं तर चांगला भागही निघून येईल, म्हणून सर्जन कधी कधी थोडी मुद्दाम ठेवतात. राहिलेली बरीच वर्षं गप्प राहते, कधी वाढू लागते. एमआरआयमध्ये ती वाढ पायात दिसायच्या आधी दिसते, आणि मुलगा चालता असतानाच पुढचं ठरवता येतं : पुन्हा ऑपरेशन, किंवा कार्बोप्लॅटिन-व्हिन्क्रिस्टिनसारखी किमोथेरपी, किंवा वाढत्या मणक्याला अपाय होतो म्हणून शक्यतो मागे ठेवलेलं रेडिएशन. दोन एमआरआयमधलं अंतर वाढवायचं का, हे सर्जनना विचारा, स्वतःच्या मनाने वाढवू नका. ऑपरेशनची नोंद, बायोप्सीचा रिपोर्ट आणि सगळ्या सीडी एका पिशवीत ठेवा. दर वेळी जुन्याशी ताडून बघावं लागतं. पुढे मोठा उपचार लागलाच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

खांद्याला मात्र दप्तराला दोष देऊ नका. लहानपणी मणक्याची कमान उघडली की पुढे पाठ वाकण्याचा धोका राहतो, आणि ऑपरेशन जितक्या लहान वयात तितका जास्त. आता त्याची उंची भराभर वाढण्याचे दिवस आलेत, वाकही याच काळात भराभर वाढतो. आज शर्ट काढून, पाय जुळवून उभं करा आणि हात खाली सोडून पुढे वाकायला सांगा. मागून बघा, पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का. दिसली तर उभ्याने काढलेला पूर्ण मणक्याचा एक्स-रे घेऊन मणक्याच्या सर्जनकडे जा. नाही दिसली तरी एक्स-रे करा, आणि उंची वाढायची थांबेपर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी करत राहा. लवकर सापडलं तर कधी पाठीला लावायच्या पट्ट्यावर भागतं. वाक वाढण्याचं कारण कधी गाठ पुन्हा वाढणं हेही असतं, त्यामुळे या वेळचा एमआरआय तर चुकवूच नका.

मी दहावीत आहे. दहा वर्षांची असताना माझं ऑपरेशन झालं. मी चालते. पण लाइट गेली की पडते, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. चप्पल पायातून कधी निघते कळत नाही. हसताना, शिंकताना थोडी लघवी होते. आई म्हणते कुणाला सांगू नको, लग्नाला अडचण येईल. शाळेची सहल वेरूळला चालली आहे. आई नको म्हणते. मी जाऊ का?
— नांदेडहून एक विद्यार्थिनी

बाळा, तुझ्या पायांत ताकद आहे. तुझ्या पायांची बातमी तुझ्यापर्यंत पोचत नाही. पाय कुठे आहे, बोट वर आहे की खाली, हे सांगणारे मार्ग मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जातात, आणि ऑपरेशनची चीर नेमकी तिथून जाते. तू डोळे मिटून पलंगावर बस आणि मैत्रिणीला पायाच्या अंगठ्याच्या दोन्ही कडा धरून तो वर-खाली करायला सांग. ‘आत्ता वर की खाली?’ असं विचारलं की तू चुकशील. म्हणून तू नकळत सगळं डोळ्यांनी सांभाळतेस, आणि लाइट गेली की डोळ्यांचंही काम थांबतं. हा तुझा धांदरटपणा नाही. घरात कुणी तसं म्हणत असेल तर हे सांग.

सरावाने बरंच सुधारतं. भिंतीजवळ, मागे खुर्ची ठेवून, पाय थोडे फाकवून उभी राहा आणि आधी डोळे उघडे ठेवून, मग क्षणभर मिटून तोल सांभाळ. जमलं की पाय जवळ आण. आंघोळ स्टुलावर बसून कर. चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल घे, आणि रोज रात्री आरसा घेऊन तळवे बघ, काटा टोचलेला तुला कळणार नाही. उशाशी टॉर्च ठेव.

हसताना लघवी होण्याला लाजू नकोस, पण टाळूही नकोस. वर केजच्या ताईंना लिहिलंय तीच सोनोग्राफी तुलाही हवी. बहुधा मूत्राशय नीट रिकामं होत नाही. नळी लागली तर तुझ्या वयाच्या मुली आरशासमोर आपली आपण घालायला थोड्या दिवसांत शिकतात, आई लागत नाही.

लग्नाबद्दल. पाळी, गर्भधारणा यांना मज्जारज्जूच्या अशा इजेने साधारणपणे अडथळा येत नाही. गरोदरपणात लघवीची आणि तोलाची जास्त काळजी घ्यावी लागते, तेव्हा डॉक्टर घेतील. आईला भीती वाटते ती तुझ्यावरच्या मायेपोटी, पण ऑपरेशन लपवून ठेवलं तर तपासण्याही मागे पडतात. ती भेटायला आली तर मी तिच्याशी बोलेन.

वेरूळला जा. बाईंना आणि एका मैत्रिणीला आधी सांगून ठेव. लेणी चौतीस आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. सोळाव्या क्रमांकाचं कैलास उघड्यावर आहे, तिथे सावकाश हिंड. बाराव्या क्रमांकाच्या तीन मजली लेण्यात जिने आहेत आणि आत अंधार असतो. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत उंबऱ्याशी थांब, टॉर्च पायांवर धर, आणि जिना चढताना-उतरताना मैत्रिणीचा खांदा धर. बसमध्ये पाणी पिणं बंद करू नकोस. दर तीन-चार तासांनी लघवीला गाडी थांबवायची, हे बाईंनी ड्रायव्हरला आधीच सांगितलेलं असू दे, आणि पिशवीत एक जादा सलवार ठेव.